मोरबाथचे चर्च आणि त्याची हिशेबवही

इंग्लंडमधील मध्ययुगीन चर्चचा इतिहास बहुधा वास्तूच्या साक्षीने सांगितला जातो. कमान नॉर्मन घडणीची की गॉथिक, मनोरा कोणत्या शतकातला, खिडकीतील काच मूळची की मागाहून बसविलेली, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या चर्चचा इतिहास हाती आला असे मानण्याची प्रथा आहे. डेव्हन परगण्याच्या उत्तर सीमेवरील मोरबाथ या खेड्यातले सेंट जॉर्जचे चर्च या कसोटीवर फारसे उतरणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम बटरफील्ड या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि आज दिसणारे त्याचे रूप बरेचसे त्या काळाचे आहे. तरीही सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या धार्मिक स्थित्यंतराचा अभ्यासक या आडवाटेच्या चर्चला टाळून पुढे जाऊ शकत नाही. त्याचे कारण तेथील दगडांत नाही. ते आहे एका हिशेबवहीत.

ही वही समजण्यापूर्वी 'पॅरिश' म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट करावयास हवे. वसईकडील मराठीभाषक कॅथलिक समाजात यासाठी 'धर्मग्राम' हा नेमका शब्द रूढ आहे. धर्मग्राम म्हणजे केवळ एका चर्चचे भक्तगण नव्हेत. ठराविक सीमांच्या आत राहणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या चर्चशी बांधणारी ती व्यवस्था होती. जन्मल्यावर स्नानसंस्कार तेथे, विवाह तेथे, दफन तेथे, आणि उत्पन्नाचा दहावा हिस्साही तेथेच. चर्चच्या इमारतीची जबाबदारीही विभागलेली असे. वेदीकडील पूर्वेचा भाग धर्मगुरूने अथवा ज्याच्याकडे दशमांशाचा मोठा वाटा जाई त्याने सांभाळावयाचा, आणि लोक जेथे उभे राहत तो मुख्य दालनाचा भाग लोकांनी. छप्पर गळले, घंटेचा दोर तुटला, पूजाग्रंथाची बांधणी सुटली, तर खर्च गावाचा. या खर्चासाठी दरवर्षी कारभारी नेमले जात, त्यांना 'चर्चवॉर्डन' म्हणत, आणि वर्षाअखेर त्यांना सर्वांसमोर हिशेब द्यावा लागे. अशा हिशेबांच्या वह्या इंग्लंडातील हजारो धर्मग्रामांत लिहिल्या गेल्या असतील, पण धर्मसुधारणेच्या पूर्वीच्या त्यांतील थोड्याच शिल्लक आहेत. मोरबाथची वही त्यांपैकी एक होय.

मोरबाथ हे एक्समूर नावाच्या उजाड पठाराच्या कडेला वसलेले गाव. पाऊस भरपूर, जमीन डोंगर-उताराची, घरे विखुरलेली. मुख्य व्यवसाय मेंढपाळीचा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात या धर्मग्रामात अवघी तेहतीस कुटुंबे होती. एक्झेटर हे बिशपचे शहर सुमारे पंचवीस मैल दूर. गावावर जवळच्या बार्लिंच येथील मठाचा अधिकार होता. धान्याचा मोठा दशमांश मठाकडे जाई आणि गावच्या धर्मगुरूच्या, म्हणजे 'व्हिकर'च्या, वाट्याला लोकर, कोकरे अशा किरकोळ गोष्टींचा दशमांश येई. १५२० मध्ये या जागेवर सर क्रिस्टोफर ट्रिकी हा तरुण धर्मगुरू आला. ('सर' ही येथे सरदारकीची पदवी नव्हे; विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूंना त्या काळी आदराने असे संबोधीत.) तो डेव्हनचाच, कुल्मस्टॉकचा. १५७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल चोपन्न वर्षे, तो मोरबाथ सोडून कोठेही गेला नाही. या चोपन्न वर्षांत इंग्लंडच्या गादीवर चार जण बसले आणि राष्ट्राचा अधिकृत धर्म चार वेळा फिरला.

कारभारी बहुधा निरक्षर अथवा अर्धसाक्षर असल्यामुळे हिशेब लिहिण्याचे काम सर क्रिस्टोफरकडे आले, आणि त्याने ते आपल्या पद्धतीने केले. या वहीचे वाङ्मयीन वैशिष्ट्य येथेच आहे. सामान्य जमाखर्चात आकडे प्रमुख असतात, शब्द त्यांच्या सेवेला. येथे उलट घडते. हिशेब वर्षातून एकदा गावासमोर मोठ्याने वाचून दाखविला जाई, म्हणून तो वाचणाऱ्यासाठी नव्हे तर ऐकणाऱ्यासाठी लिहिलेला आहे. धर्मगुरू मध्येच श्रोत्यांना उद्देशून बोलतो. आता पुढे काय ऐकावयाचे ते सांगतो. एखादा भांडणाचा विषय निघाला की समजुतीच्या सुरात येतो. कोणी चार पेन्स दिले असतील तर त्याचे नाव आणि कारण आवर्जून नोंदवितो. भाषा डेव्हनशायरच्या बोलीची, मधूनमधून लॅटिनचे तुकडे, आणि शुद्धलेखन कानाला जसे ऐकू आले तसे. अशा लेखनाला 'दस्तऐवज' म्हणून बाजूला ठेवणे साहित्याच्या अभ्यासकाला सोयीचे असले तरी न्याय्य नाही. एका माणसाचा आवाज, त्याचे हट्ट, त्याची अभिमानाची स्थाने ही सर्व त्या नोंदींत ओळखू येतात. एरवी सोळाव्या शतकातील खेड्याचा असा आवाज कानी पडणे दुर्मीळच.

वहीच्या पहिल्या भागात जे चर्च दिसते ते वस्तूंनी आणि माणसांनी गजबजलेले आहे. तेथे निरनिराळ्या संतांच्या मूर्ती होत्या, आणि मूर्तीसमोर तेवणाऱ्या दिव्यांसाठी निरनिराळे निधी होते. त्यांना 'स्टोअर' म्हणत. सेंट जॉर्जचा, मातेचा म्हणजे पवित्र मरियेचा, सेंट सिडवेलचा; याशिवाय तरुणांचा वेगळा आणि कुमारिकांचा वेगळा. प्रत्येक निधीला स्वतंत्र कारभारी. तेहतीस कुटुंबांच्या गावात इतके निधी म्हणजे जवळजवळ प्रत्येक घराकडे केव्हा ना केव्हा एखादा कारभार येणारच. वयात येणाऱ्या मुलामुलींनी प्रथम आपल्या निधीचा हिशेब द्यावयाचा, मग क्रमाने मोठ्या जबाबदाऱ्या. स्त्रियाही त्यातून वगळलेल्या नव्हत्या, कुटुंबप्रमुख असलेल्या विधवा तर मुख्य कारभारीपदही भूषवीत. सार्वजनिक जीवनाची ही एक शाळाच होती.

या निधींचे भांडवल पैशात नव्हते, ते मेंढ्यांत होते. चर्चच्या मालकीची मेंढरे होती, पण चर्चचे कुरण नव्हते. म्हणून ती गावातील घरांत वाटून दिलेली असत. एका घरी मातेची मेंढी, दुसऱ्या घरी सेंट सिडवेलची. ती घरच्या कळपात चरे, घरचा माणूस तिची निगा राखी, आणि लोकर उतरली की तिचे मोल त्या त्या निधीत जमा होई. मेंढी मेली, हरवली, तिला कोकरू झाले, ते कोणाकडे गेले, हे सर्व वहीत आहे. हिशेबतपासनीसाच्या दृष्टीने ही व्यवस्था अतिशय गैरसोयीची. पण तिचा परिणाम पाहिला म्हणजे तिचे मर्म कळते. देवघरातील दिवा ज्याच्या गोठ्यातील मेंढीवर जळतो, त्याला ते चर्च परके कसे वाटेल? याच्या जोडीला 'चर्च-एल' नावाचा उत्सव असे. चर्चच्या घरात मद्य गाळून, खाद्यपदार्थ करून, शेजारच्या धर्मग्रामांतील लोकांना बोलावून मेजवानी होई आणि तिचा नफा चर्चला मिळे. वर्षाच्या उत्पन्नातील सर्वांत मोठी रक्कम बहुधा याच मार्गाने येई. भक्ती आणि मौज यांच्यात फार मोठी भिंत घालण्याची गरज त्या लोकांना भासलेली दिसत नाही.

सेंट सिडवेल ही एक्झेटरची स्थानिक संत. सावत्र आईच्या चिथावणीवरून कापणी करणाऱ्यांनी कोयत्याने तिचे मस्तक उडविले, आणि तेथे झरा फुटला, अशी तिची आख्यायिका आहे. मोरबाथला तिची भक्ती सर क्रिस्टोफरने आणली. आल्याबरोबर त्याने तिची मूर्ती चर्चला दिली आणि पुढे तिचे वैभव वाढावे म्हणून अनेक वर्षे तो झटत राहिला. हळूहळू गावाने ती संत आपली मानली. मृत्युपत्रांतून तिच्यासाठी वस्तू येऊ लागल्या, मुलींना तिचे नाव ठेवले जाऊ लागले, दानात आलेल्या चांदीतून तिच्या मूर्तीला चांदीचा जोडा घडविण्यात आला. १५३४ मध्ये एका रात्री चोर शिडी लावून चर्चमध्ये शिरला आणि हा जोडा व पूजेतील चषक घेऊन गेला. चोर कसा चढला, शिडी कोठे लावली, कोणती खिडकी फोडली, हे सर क्रिस्टोफरने एखाद्या कथाकाराच्या तपशिलाने लिहिले आहे. त्यानंतर गावातील तरुण आणि कुमारिका एकत्र आल्या आणि धर्मग्रामावर भार न टाकता त्यांनी वर्गणीतून नवा चषक आणला. ही नोंद करताना त्याला झालेला आनंद आजही लपत नाही.

त्याची स्वतःची एक मोठी आकांक्षा होती: मृतांसाठी करावयाच्या मिस्साच्या वेळी घालण्याची काळी पूजावस्त्रे. मध्ययुगीन श्रद्धेनुसार बहुतेक आत्मे मृत्यूनंतर शुद्धिस्थानात यातना भोगीत असतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांची सुटका लवकर होते. म्हणूनच दान देणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहून ठेवणे, ते वर्षानुवर्षे वाचून दाखविणे, याला कर्जफेडीइतके महत्त्व होते. विसर पडणे ही मृताची खरी हानी. गरीब गावाला चांगली काळी वस्त्रे परवडण्यासारखी नव्हती. सर क्रिस्टोफरने चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवरील आपला दशमांश सोडून दिला आणि ती रक्कम या कामासाठी बाजूला ठेवण्यास सुरुवात केली. वर्षाला काही शिलिंग, कधी त्याहून कमी. सुमारे वीस वर्षे हे चालले. अखेर १५४७ मध्ये वस्त्रे आली.

१५४७ च्या जानेवारीत आठवा हेन्री वारला होता.

तत्पूर्वीच बदलाची चाहूल लागली होती. १५३४ मध्ये हेन्रीने पोपची सत्ता झुगारून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरविले, तेव्हा मोरबाथच्या वहीत त्याचे पडसाद जवळजवळ उमटले नाहीत. १५३६ मध्ये बार्लिंचचा मठ बरखास्त झाला. त्याचा गावाला झालेला लाभ म्हणजे मठाची एक खिडकी, काच, लोखंड आणि दगडासकट, सर ह्यू पॉलेट यांच्या देणगीने चर्चला मिळाली. आणि गावाने ती पदरमोड करून बसवूनही घेतली. एका धर्मसंस्थेच्या विध्वंसातून दुसरीची सजावट व्हावी, यातील विसंगती त्या वेळी कोणास खटकली असेल असे वाटत नाही. १५३८ च्या राजाज्ञेने मूर्तींपुढील दिवे मात्र विझविले. निधी होते ते दिव्यांसाठी. दिवाच नाही तर निधी कशाला? काही निधी तेव्हापासूनच क्षीण होऊ लागले.

नववर्षीय सहाव्या एडवर्डच्या नावाने राज्य चालविणाऱ्यांनी पुढील दोन वर्षांत जे केले ते मात्र मुळावर घाव घालणारे होते. मूर्ती हटविण्याची आज्ञा झाली, मिरवणुका बंद झाल्या, मृतांसाठीच्या प्रार्थनांचे निधी सरकारजमा करण्याचा कायदा आला. मोरबाथमध्ये मेंढरे विकली गेली, निधी मोडले, चर्च-एल थांबली. १५४८ मध्ये ल्यूसी सीली ही स्त्री मुख्य कारभारी होती. चर्चच्या चीजवस्तू विकण्याचे काम तिच्या वाट्याला आले. इतकी वर्षे प्रत्येक कारभाऱ्याच्या हिशेबाचा शेवट काही ना काही भर पडल्याच्या समाधानात होत असे. तिच्या हिशेबात चर्चकडे काही आले नाही, सर्व चर्चमधून गेले. धर्मसुधारणेवरील मोठमोठ्या ग्रंथांत तत्त्वांचा संघर्ष वाचावयास मिळतो: श्रद्धेने तारण की कर्माने, भाकरीत ख्रिस्ताचे अस्तित्व खरे की प्रतीकात्मक. मोरबाथच्या तेहतीस कुटुंबांपर्यंत यातील काय पोचले असेल ते असो. त्यांच्यापर्यंत जी धर्मसुधारणा पोचली ती विक्रीच्या यादीच्या स्वरूपात. आणि वीस वर्षे पैपै साठवून आणलेल्या काळ्या वस्त्रांना नव्या धर्मात काही कामच उरले नाही, कारण शुद्धिस्थान आता असत्य ठरले होते.

९ जून १५४९ रोजी, पेन्टेकॉस्टच्या सणाला, इंग्रजीतील नवा प्रार्थनाग्रंथ देशभर सक्तीचा झाला. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टने या गावातील लोकांनी आपल्या धर्मगुरूला जुनी मिस्सा करावयास लावली आणि बंडाला तोंड फुटले. कॉर्नवॉलचे बंडखोर त्यांना येऊन मिळाले. २ जुलैपासून ६ ऑगस्टपर्यंत एक्झेटरला वेढा पडला होता. शाही फौजेने तो उठविला आणि ऑगस्टमध्येच बंडाचा रक्तपाताने शेवट केला. आता मोरबाथच्या वहीकडे वळावे. त्या वर्षीच्या खर्चात पाच तरुणांची नावे आहेत, त्यांना दिलेल्या शस्त्रांची आणि वाटखर्चाची नोंद आहे, आणि ते कोठे गेले तेही आहे: सेंट डेव्हिड्स डाऊनच्या छावणीकडे. हे ठिकाण एक्झेटरच्या तटाबाहेरचे. तेथे छावणी होती ती बंडखोरांची.

या वहीचे संपादन जे. अर्स्किन बिनी यांनी करून ती १९०४ मध्ये प्रसिद्ध केली, तरी या नोंदीच्या अर्थाकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही. २००१ मध्ये केंब्रिजचे इतिहासकार एमन डफी यांनी 'द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' या ग्रंथात तिचा उलगडा केला, तेव्हा तिचे असामान्यत्व ध्यानात आले. राजाविरुद्ध शस्त्र उचलण्यासाठी पाठविलेल्या मुलांचा खर्च एका गावाने सार्वजनिक हिशेबात, छपराच्या दुरुस्तीच्या खर्चासारखाच, लिहून ठेवला होता. हे धाडस म्हणावे की भोळेपणा? कदाचित दोन्ही नसावे. हिशेब द्यावयाचा तर सर्व द्यावयाचा, ही तीस वर्षांची सवय सर क्रिस्टोफरच्या हाताला होती. गावाने जे एकमताने केले ते गावाच्या वहीत आले.

पुढील चार वर्षे सर्वस्वी ऱ्हासाची. १५५३ मध्ये एडवर्ड मरण पावला, कॅथलिक मेरी गादीवर आली, आणि वहीचा सूर एकदम पालटला. घरोघरी लपवून ठेवलेल्या वस्तू बाहेर आल्या. कोणी कोणती वस्तू राखली आणि परत आणून दिली, हे धर्मगुरूने कृतज्ञतेने लिहिले आणि त्या लोकांना चांगल्या कॅथलिकांचे बिरुद दिले. याच वेळी त्याने मागे वळून ल्यूसी सीलीपासूनच्या एकेका कारभाऱ्याचे नाव घेत एडवर्डच्या काळात चर्च कसे झिजत गेले याचे छोटेसे निवेदन रचले. ज्यांची नावे त्यात येतात त्यांच्यावर दोषारोप नाही. ती नावे वर्षे मोजण्यासाठी आहेत. राजांच्या कारकीर्दींऐवजी गावच्या कारभाऱ्यांनी काळ मोजणारा हा मजकूर म्हणजे मोरबाथचा पहिला इतिहासग्रंथ म्हणावयास हरकत नाही, तो एका परिच्छेदाचा असला तरी. मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे शब्द सुरक्षित झाल्यावर लिहिलेले आहेत. प्रत्यक्ष आपत्तीच्या वर्षांत तोच लेखक कितीतरी मितभाषी होता.

मेरीचे राज्य पाच वर्षांचेच ठरले. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली, पुढील वर्षी प्रोटेस्टंट उपासना पुन्हा कायम झाली, वेदीच्या जागी मेज आले. सर क्रिस्टोफर जागेवरच राहिला. त्याने नव्या ग्रंथातून इंग्रजीत उपासना चालविली, नव्या काळाचे हिशेब लिहिले, आणि पंधरा वर्षे असा वागून तो प्रोटेस्टंट धर्मगुरू म्हणून मरण पावला.

या वर्तनाचा निवाडा कसा करावयाचा? संधिसाधू म्हणणे सोपे आहे. पण संधिसाधूपणाला काही लाभ लागतो, आणि गरीब डोंगराळ गावच्या व्हिकरपदात कोणाला हेवा वाटावा असे फारसे काही नव्हते. त्याचे मन खरोखर पालटले असेल का? वहीतून याचे थेट उत्तर मिळत नाही. शेवटच्या वर्षांतही त्याचा सूर तत्त्वचर्चेचा नाही, तो गावाच्या कर्जफेडीचा आणि सलोख्याचा आहे. हेच कदाचित उत्तराच्या सर्वांत जवळचे. त्याच्या लेखी धर्म म्हणजे सिद्धान्तांची मालिका नव्हती. तेहतीस घरांनी मिळून वाहिलेली एक जबाबदारी होती, आणि ती घरे त्याच ठिकाणी होती. ज्यांचा त्याने स्नानसंस्कार केला त्यांचे विवाह त्याने लावले, त्यांच्या मुलांचे स्नानसंस्कारही त्यानेच केले. तो निघून गेला असता तर त्याचा विवेक कदाचित निष्कलंक राहिला असता. गावाचे काय झाले असते, हा प्रश्न उरतो. आणि निष्ठेच्या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक तो विचारीत नाहीत. अर्थात या राहण्याची किंमत लहान नव्हती. ज्या दात्यांना त्याने प्रार्थनेचे वचन दिले होते, ज्यांची नावे दरवर्षी वाचून दाखविण्याचा करार त्याने गावाच्या वतीने केला होता, त्यांचे ऋण त्याला न फेडताच ठेवावे लागले. त्यांच्या देणग्या वहीत राहिल्या, त्यांच्यासाठीची मिस्सा राहिली नाही.

डफी यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर तो वाचून मोरबाथला जाणाऱ्याला सेंट जॉर्जचे चर्च काहीसे निराश करते. बाहेरून उंच, रुक्ष मनोरा. त्यावर व्हिक्टोरियन काळातले खोगिराच्या आकाराचे छप्पर. आत स्वच्छता आणि बरीचशी रिकामी जागा. हिशेबात जिचे सोनेरी काम, जिचा चांदीचा जोडा, जिच्या दिव्याचे मेण वर्षानुवर्षे मोजले गेले, ती सेंट सिडवेल तेथे नाही, आणि बार्लिंचहून आणलेल्या खिडकीतून आता प्रकाश येत नाही. चर्चभोवतीच्या उतारांवर मेंढ्या मात्र अजूनही चरतात.